न वाचलेला पंचनामा आणि माळावरच्या आठ प्लेटा

रुक्मिणी शिवाजी काळे. फासेपारधी. राहणार दुधनीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला असलेला एक माळ, तालुका अक्कलकोट. मागच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना पोलिसांची गाडी या बाईच्या वस्तीवर आली आणि तिथल्या सोलरच्या आठ प्लेटा उचलून घेऊन गेली. वेळ मी अंदाजानं सांगत नाही. रुक्मिणीच्या सुनेनं मोबाईलवर फोटो काढला होता, त्यावर वेळ आहे. गाडीच्या हौद्यात प्लेटा उलट्या टाकलेल्या दिसतात आणि कोपऱ्यात स्वतःचा पदर धरलेला रुक्मिणीचा हात दिसतो.

कागदावर कारण लिहिलं होतं: चोरीचा माल असल्याचा संशय. कागदामागचं कारण कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. पारध्याकडं प्लेटा आल्याच कुठून?

मी सोलापूरची. पत्रकं लिहिते, छापून आणते, नव्या पेठेत उन्हात उभी राहून वाटते. लोक ती घेतात आणि पुढच्या वळणावर त्यांत कांदाभजी गुंडाळतात, हेही मला माहीत आहे. प्रवासवर्णन कधी लिहिलं नव्हतं. ज्यांना लिहिता येतं ते हिमालयात जातात. मी घरापासून दोन तासांच्या आत होते आणि तरीही तिथं आधी कधी गेले नव्हते. तुम्हीही गेला नसाल, म्हणून सांगते.

चिंचोळी

प्रवास सुरू झाला उलट्या दिशेनं. दुधनी एकीकडं, चिंचोळी एमआयडीसी दुसरीकडं. पण प्लेटा मुळात तिथल्या. रुक्मिणी तीन वर्षं तिथल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होती. काम एकच: पत्र्यावर चढायचं आणि सोलरच्या प्लेटा धुवायच्या. कारखान्यानं नव्या प्लेटा बसवल्या तेव्हा जुन्या काढल्या, आणि त्यातल्या आठ रुक्मिणीनं मागून घेतल्या. माझ्या पत्रकाखालचा नंबर कुणीतरी तिला दिला होता; हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं होतं. मला पुरावा हवा होता.

स्टोअर सांभाळणारे श्रीनिवासकाका घरी तेलुगू बोलणारे, विणकरांच्या घरातले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पिशवीत माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा होता. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कोण? ती काळे? अरे देवा. ती प्लेट पुसायची ना, तर खालून पण पुसायची. मी म्हणायचो, अम्मा, खालून ऊन येत नाही. ती म्हणायची, धूळ येती की."

"तिनं त्या प्लेटा चोरल्या, असं पोलीस म्हणतात."

काकांनी चष्मा काढला. "जुना माल निघाला तेव्हा साहेबांनी बायकांना विचारलं, काय पाहिजे? सगळ्यांनी स्टीलचे डबे मागितले. एकटी हिनं प्लेटा मागितल्या. आम्ही हसलो." मग म्हणाले, "डबेवाल्या बायकांना कुणी पकडलं नसेल."

मला जे वाक्य पत्रकात लिहायला अर्धा दिवस लागला असता ते या माणसानं रजिस्टर उघडता उघडता बोलून टाकलं. गेटपासची प्रत काढली. आठही प्लेटांचे लांबलचक नंबर स्वतःच्या हातानं उतरवले, खाली सही-शिक्का केला. अर्ज पिशवीतच राहिला. मी त्यांचे आभार मानले तर म्हणाले, "तिला सांगा, नव्या प्लेटा कुणी नीट धूत नाही."

दुधनी

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दुधनीला उतरले. दुकानांच्या पाट्यांवर दोन लिप्या, आणि माणसांच्या तोंडात एका वाक्यात दोन भाषा. अडतीतून तुरीचा वास. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात शिरले. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि गल्ल्यावर कपाळाला विभूती लावलेला, गोल पोटाचा एक माणूस. सगळे त्याला मल्लूअण्णा म्हणत होते.

"बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा, म्हणत त्यांनी बाकडं पुसलं. सुसला खाल्ला. आम्ही सोलापुरात चुरमुऱ्यांचा सुशीला करतो त्याचाच हा भाऊ, पण यात लिंबू जास्त आणि वर दाण्याचं कूट असं की खाली बशी दिसत नव्हती. बरोबर मिरचीभजी. मी आणखी एक बशी मागितली तेव्हा अण्णा खूश झाले आणि त्यांनी विचारलं, कुठं निघालात.

मी सांगितलं. पारधी वस्तीवर.

भट्टीवरचा झारा थांबला. अण्णा पुढं वाकून, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "पर्स सांभाळा, बाई."

मी पैसे ठेवले आणि म्हणाले, "अण्णा, माझी पर्स आजवर एकदाच मारली गेली. लग्नात. कार्यालयात सगळे नवे कपडे घातलेले लोक होते."

ते हसले. मला राग आला होता की भजी चांगली होती म्हणून वाईट वाटत होतं, कळलं नाही.

माळ

डांबरी रस्ता संपला की पाऊण तास चालायचं. भाद्रपद होता. काळ्या रानात चिखल असा की चप्पल एकदा रुतली ती खेचताना मीच बसले. श्रीनिवासकाकांचा कागद मी हात वर करून वाचवला. बाकी सगळी मी काळी. अशा अवस्थेत मी न्याय मिळवून द्यायला वस्तीवर पोचले.

रुक्मिणी बाहेर आली. बारीक, ताठ, चाळिशीची असावी. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "सोलापुरास्नं मोर्चा घिऊन येनार हुता न्हवं? हा कसला मोर्चा? ह्यो तर चिखलाचा गारा हाय."

सगळी वस्ती हसली. तिनं एक बादली पाणी दिलं. माळावर एक बादली पाणी किती लांबून येतं हे मला नंतर दिसलं, आणि तेव्हा मी दोनदा पाय धुतल्याची लाज वाटली.

वस्ती म्हणजे चौदा पालं आणि पत्र्याची घरं. मधे मोकळी जागा, तिथं लोखंडी खाटांचे आठ सांगाडे ओळीनं उभे. उंची गुडघ्याएवढी. रिकामे. एकेका सांगाड्याखाली जुन्या बैलगाडीचा आस आडवा बसवलेला, त्यामुळं खाट हातानं हवी तिकडं कलते. यावर प्लेटा होत्या. सकाळी उगवतीकडं, दुपारी आडव्या, नंतर मावळतीकडं. कुणाची पाळी कधी, ते बायकांनी वाटून घेतलेलं. या प्लेटांवर शेजारच्या खोपटातली पिठाची गिरणी चालायची आणि घरटी एक दिवा. योजना नाही, अनुदान नाही, उद्घाटनाला कुणी नाही. खाटांना वेल्डिंग करणारा रुक्मिणीचा नवरा शिवाजी, वायरी जोडणारी सून सोनाली, आणि डोकं रुक्मिणीचं.

मी विचारलं, "या खाली कशाला लावल्या? वर पत्र्यावर लावल्या असत्या तर कुणाच्या डोळ्यांवर आल्या नसत्या."

"वर कोन चडनार?"

"तुम्ही."

"आमी बायका न्हाय चडत. घरात देवी हाय. देवीच्या डोक्यावरनं बाईचा पदर न्हाय जात."

झालं. माझ्यातलं पत्रक जागं झालं. मी तिथंच, पाय नीट पुसायच्या आधी, बाईला छतावर जायची बंदी म्हणजे काय, यावर बोलू लागले. बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "कारखान्याच्या पत्र्यावर तीन वर्षं चढलातच की!"

रुक्मिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "कंपनीच्या पत्र्याखाली माजी देवी बसली हुती का?"

पलीकडं शिवाजी खाली मान घालून हसत होता. ती त्याच्याकडं हात करून म्हणाली, "आनि वर लावल्या तर धुनार कोन? ह्यो? ह्येला सोताचं त्वांड धुवायला सांगाया लागतं. वर लावल्या की गिरनी बाप्यांची झाली. खाली हायत म्हून आमची हाय. कळलं का, ताई?"

कळलं. उशिरा, पण कळलं. आमच्या सोलापूरच्या इमारतीवर पाणी तापवायचं सोलर आहे. गच्चीची किल्ली कुणाकडं, यावरून तीन वर्षं वाद चालू आहे, आणि प्लेटांवर इतकी धूळ आहे की बोटानं पत्रक लिहिता येईल. आमच्याकडं छतावर जायची बंदी कुणालाच नाही.

भाकरी

दुपारी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, फोडलेला कांदा. पहिला घास घेतला आणि जीभ चरचरली. भाजी नव्हे, भाकरीच तिखट. मला वाटलं इथली पद्धत असेल. पाहुणीसारखं म्हणाले, "मसाला घातलाय का पिठात? छान लागतंय."

सोनाली पाण्याचा तांब्या पुढं सारून माझ्याकडं न बघता बसली. मग रुक्मिणीच म्हणाली, "मसाला न्हाय, ताई. मान हाय आमचा."

गावातली गिरणी. तिथं या बायकांचं दळण सगळ्यात शेवटी. आणि शेवटी म्हणजे मिरची दळून झाल्यावर, जातं न झाडता. "आमी म्हनलं, वाईच झाडा. तर म्हंत्यात, चालतंय की तुमाला." बारकी पोरं ही भाकरी खाऊन रडतात. त्यांना पाण्यात कुस्करून देतात. म्हणून तिनं कारखान्यात डबा मागितला नाही. म्हणून गिरणी. प्लेटा गेल्यापासून महिना झाला, सगळ्या जणी परत त्याच रांगेच्या शेपटाला उभ्या होत्या.

मी ती भाकरी पूर्ण खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कारण विचारायची कुणाला गरज पडली नाही.

जेवण झाल्यावर मी अभिमानानं श्रीनिवासकाकांचा कागद काढला. म्हणाले, आता बघा. प्लेटांच्या पाठीला कंपनीचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर नंबर असतो. तो आणि हा नंबर जुळला की संपलं. तुमच्याकडं पोलिसांनी काही कागद दिलाय का?

होता. देवीच्या टोपलीजवळ घडी करून ठेवलेला. सरकारचा कागद म्हणून जपला होता. महिनाभर. कुणी वाचला नव्हता, कारण सोनाली सातवी शिकलेली असली तरी ते अक्षर डॉक्टरांनाही लागलं नसतं. आणि पोलिसांनी वाचून दाखवला नव्हता, जे त्यांचं काम होतं. मी वाचायला लागले. अमुक वाजता, अमुक ठिकाणी, दोन पंचांच्या समक्ष. मग हे वाक्य आलं: सदर आठही पॅनलच्या पाठीमागील नंबर जाणीवपूर्वक खोडून काढल्याचे पंचांनी पाहिले.

"खोडून म्हंजी?" रुक्मिणीनं विचारलं.

"म्हणजे मुद्दाम पुसून टाकले. चोर पुसतात तसे."

ती पोट धरून हसायला लागली. "अगं, म्या घासलं की गं ते!"

नागपंचमीच्या आदल्या दिवशी घर सारवलं, भांडी घासली, देवी उजळली. गिरणीवर सगळ्यांची भाकरी, तिला तशीच ठेवायची? म्हणून आठही प्लेटा खाटांवरून उतरवल्या, पालथ्या घातल्या आणि राख आणि काथ्यानं पाठी घासल्या. तीन वर्षं हातानं पुसून विरलेले कागद त्या दिवशी निघून गेले. पंचमी झाली आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली. अशी चूक कोण करेल? प्लेटेला घरातल्या भांड्यासारखं जपणारीच करेल.

मला हसू आलं नाही. माझ्या हातातला कागद फुकट गेला होता. आठ नंबर होते आणि ते जुळवायला जागाच नव्हती. मी त्याची घडी घालायला लागले. एवढी धावपळ, एवढा चिखल.

रुक्मिणीनं माझ्याकडं पाहिलं. "तोंड का पाडलंस? भायेरचा गेला. आतला कशानं जाईल?"

"कुठला आतला?"

"काचंच्या आत. कडंला. बारीक पट्टी हाय, तितं लिवल्यालं हाय. कंपनीत सायेब मोजायला आला की आमाला म्हनायचा, कोपरा पुसा, कोपरा पुसा. तितनं वाचायचा. काच घासली म्हून आतलं जातंय व्हय?"

"आणि हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"त्येंनी इचारलं कुटं? म्हनले, चोरीचा माल. म्या म्हनलं, माजा हाय. ते म्हनले, गप."

इंग्रजांनी या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. आमच्या सोलापुरात अजून सेटलमेंट नावाचा भाग आहे, जिथं यांना तारेच्या कुंपणात डांबत. कायदा गेला, तार गेली. पण एका बाईला एक साधा प्रश्न विचारायची सवय मात्र लागली नाही.

पंचनाम्याच्या खाली दोन सह्या होत्या. एक वाचता येईना. दुसरी कन्नडमध्ये होती आणि तिच्यापुढं कंसात, पोलिसाच्या अक्षरात, नाव आणि हॉटेलचा पत्ता. स्टेशनजवळचं हॉटेल. मल्लूअण्णा.

बघून सही

रात्री सोनालीच्या शेजारी झोपले आणि सकाळी आम्ही दोघी, मी आणि रुक्मिणी, दुधनीला निघालो. वाटेत मी भाषण तयार केलं. ती वाटेतली तरवडाची पानं तोडत होती, गुरांच्या कसल्या दुखण्यावर चालतात म्हणाली.

हॉटेलात गर्दी होती. रुक्मिणी पायरीखाली थांबली. मी आत गेले आणि सगळ्यांसमोर बोलायला सुरुवात केली. खोटी सही, जातीचा आकस, कायद्याचं कलम. अण्णांचा चेहरा हळूहळू दगड होत गेला.

"पोलीस सही मागतात, आम्ही देतो," ते म्हणाले. "ते इथं चहा पितात. उद्या मला इथंच राहायचं आहे, तुम्ही गाडीनं जाणार."

"तुम्ही माळावर गेला होता का त्या दिवशी?"

"मी? हे पोट घेऊन? गल्ला सोडून मी अंत्ययात्रेलासुद्धा जात नाही." गिऱ्हाईकं हसली. अण्णांना आधार मिळाला. "लिहून आणलं होतं, इथं, या बाकड्यावर. मी सही केली. सगळे करतात."

मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात खालून आवाज आला.

"अन्ना, तुमी माज्या प्लेटा बगितल्या का?"

अण्णा उठून दारापर्यंत आले. पायरीवरून खाली बघत म्हणाले, "नाही."

"मंग आता बगा की. ठान्याच्या मागं पडल्यात. तुमच्या नावानं पडल्यात. येकदा बगा, मंग काय लिवायचं ते लिवा. म्या सही पुसा म्हनत न्हाय."

कपाळावरचा घाम पुसताना अण्णांच्या विभूतीची एक रेघ पुसली गेली. मग आत वळून भट्टीवरच्या माणसाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, "चला. आज बघून सही करतो." आणि पायरी उतरता उतरता, तिच्याकडं न बघता, "आधी चहा घ्या."

"च्या मागनं," रुक्मिणी म्हणाली.

माझ्या भाषणानं जे दार लागलं होतं ते तिच्या एका प्रश्नानं उघडलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिते.

ठाण्याचं आवार

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथं जे घडलं ते कुठंही घडतं. आवारात मागं, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या पलीकडं, आठ प्लेटा एकावर एक रचलेल्या. वर कावळ्यांची घाण, पाचोळा, पावसाचा चिखल. साहेबांना मी कागद दाखवला. त्यांनी हसून सांगितलं, "मॅडम, नंबरच नाहीत तर जुळवणार काय?" आणि हवालदाराला म्हणाले, दाखव यांना. हवालदार वाट जवळची म्हणून बुटासकट रचलेल्या प्लेटांवर पाय देऊन पलीकडं गेला.

"पाय काडा, भाऊ!"

रुक्मिणीचा आवाज इतका चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. हवालदार खरंच उतरला. ती पुढं झाली. पदराचं टोक पाण्याच्या हौदात बुडवलं, वरच्या प्लेटेचा खालचा कोपरा पुसला. एकदा. पुन्हा एकदा. काचेच्या आत पांढरी बारीक पट्टी दिसायला लागली आणि तिच्यावर काळे आकडे.

"वाच," ती मला म्हणाली.

मी वाचू लागले आणि मधेच थांबले. कागद मल्लूअण्णांच्या हातात दिला. "पंच तुम्ही आहात. तुम्ही वाचा."

अण्णा त्या पोटासकट उकिडवे बसले. आकडा आकडा कन्नडमध्ये म्हणत, बोट काचेवर ठेवत, कागदाशी ताडून पाहिलं. जुळला. दुसरी प्लेट. जुळला. रुक्मिणी पुसत होती, अण्णा वाचत होते, हवालदार प्लेटा उचलून देऊ लागला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब व्हरांड्यातून खाली उतरले. सात जुळले. आठवीची काच आवारातच फुटली होती, नंबराच्या जागी नुसता चुरा. रुक्मिणीनं तिच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. साहेबांना म्हणाले, "साहेब, तप्पायतु. चूक झाली. मी न बघता सही केली. आता बघितलं. नंबर काचेच्या आत आहेत, सात जुळले. असं लिहा, मी सही करतो."

साहेब म्हणाले, "मल्लू, विचार करून बोल."

"त्या दिवशी विचार न करता केलं, म्हणून आज आलो की."

लिहिलं गेलं. लगेच प्लेटा मिळाल्या नाहीत. कोर्टाचा आदेश लागतो, तो आणेपर्यंत आणखी अकरा दिवस गेले. माफी कुणी मागितली नाही. पण ठाण्यातून बाहेर पडताना अण्णा पायरीवर थांबले आणि रुक्मिणीला म्हणाले, "आता चहा?" ती म्हणाली, "आता चालंल." हॉटेलात ती पहिल्यांदा बाकड्यावर बसली. दोन गिऱ्हाईकं उठून गेली. अण्णांनी त्यांना जाऊ दिलं आणि त्यांच्या जागा पुसून काढल्या, आमच्या नव्हे.

परत

सात प्लेटा अण्णांच्या मेव्हण्याच्या टेम्पोतून माळावर गेल्या, तेव्हा मी पुन्हा वस्तीवर गेले होते. उतरवताना बायकांनी पुरुषांना हात लावू दिला नाही. आधी धुणं झालं. या वेळी पाठ फक्त ओल्या फडक्यानं. सोनालीनं वायरी जोडल्या. ढग होते. सगळे वर बघत बसलो. अर्ध्या तासानं ऊन आलं, जातं आधी कुरकुरलं, मग फिरलं. सात प्लेटांवर ते हळू फिरतं, दळण दुपारच्या दोन-तीन तासांतच उरकावं लागतं. तरी त्या दिवशी प्रत्येक घराचं पायलीभर निघालं. एका म्हातारीनं गरम पीठ मुठीत घेऊन जिभेला लावलं आणि नुसती मान हलवली.

निघताना रुक्मिणीनं माझ्या ओंजळीत ते पीठ दिलं. मी म्हणाले, मी काहीच केलं नाही, उलट अण्णांशी भांडून काम बिघडवत होते. ती म्हणाली, "वाचून दाखवलंस की. महिनाभर टोपलीत हुतं, कुनी वाचलं न्हवतं." श्रीनिवासकाका, ती एक बादली पाणी, पोट सांभाळत उकिडवा बसलेला तो माणूस. एवढं सगळं मला मिळालं आणि बदल्यात मी फक्त एक कागद वाचला.

आता तुमच्याशी. हो, तुमच्याशीच. तुम्ही दुकानदार असाल, शिक्षक असाल, स्टेशनसमोर चहा पिणारे असाल. कधीतरी पोलीस तुमच्याकडं येतील आणि म्हणतील, पंच व्हा, फक्त सही करायची आहे. रुक्मिणीच्या प्लेटा पोलिसांच्या गाडीतून गेल्या, पण चोरीच्या ठरल्या त्या एका सभ्य, प्रेमळ, मिरचीभजी करणाऱ्या माणसाच्या सहीनं. ज्या जागेचा पंचनामा आहे त्या जागी गेल्याशिवाय सही करू नका. जो माल लिहिलाय त्याला हात लावल्याशिवाय सही करू नका. ज्याचा माल आहे त्याला तुमच्या तोंडानं विचारा, हा कुठून आणला, आणि त्याचं उत्तर त्या कागदावर लिहून घ्या. लिहीत नसतील तर पेन खाली ठेवा आणि उठा.